आत्म्याची क्षुधा आणि अवघड माणूस

(अक्कलकुवा येथील धर्मग्रामाच्या ज्युबिलीप्रसंगीं केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या दिवशीं भाषण करणाऱ्याकडून लोकांची अपेक्षा साधारणतः एवढीच असते कीं, त्यानें सरलेल्या वर्षांचा गौरव करावा, उपकारकर्त्यांचे आभार मानावे, आणि भोजनाच्या आधीं थांबावें. यांपैकीं शेवटची अपेक्षा मी पुरी करणार आहें. पहिल्या दोन कामांसाठीं माझ्याहून योग्य माणसें येथें बसलेलीं आहेत व त्यांनीं तीं उत्तम प्रकारें केलीं आहेत. मला नेमून दिलेला विषय दुहेरी आहे: एक आत्म्याची भूक, आणि दुसरा ज्यांच्यावर प्रीति करणें कठीण जातें अशा माणसांवरील प्रीति. हे दोन विषय एकाच व्याख्यानांत कां घातले असावे, असा प्रश्न मला प्रथम पडला. विचार करतां करतां असें दिसूं लागलें कीं, एकच विषय दोन दारांनीं आंत आलेला आहे. तें कसें, हें सांगण्याचा मी यथामति प्रयत्न करितों.

भुकेविषयीं बोलावयाचें तर तें अक्कलकुव्यांत जरा जपून बोलावें. शहरांतल्या श्रोत्यांपुढें 'क्षुधा' हा शब्द अलंकार म्हणून चालून जातो. येथें तो चालत नाहीं. मोलगीच्या डोंगरांत जी बाई बाळ पाठीशीं बांधून दवाखान्याची वाट चालते, तिला भूक म्हणजे काय हें व्याख्यात्यानें सांगावें अशी स्थिति नाहीं. कुपोषणाच्या बातमींत आपल्या तालुक्याचें नांव वर्षानुवर्षें येत आलें आहे. दिवाळी सरली कीं कुटुंबेंच्या कुटुंबें ऊंसतोडीस किंवा गुजराथेंत मजुरीस उतरतात, आणि मागें राहतात तीं म्हातारीं माणसें व दारांना लावलेलीं कुलुपें. उन्हाळ्यांत कैऱ्या चिरून वाळवाव्या, आमचूर बाजारांत न्यावें, आणि आलेल्या पैशांत पावसाळ्याचें धान्य घ्यावें, हा येथला जुना हिशेब. १९९३ च्या पावसाळ्यांत सरदार सरोवराचें पाणी मणिबेलीच्या घरांपर्यंत आलें, तेव्हां कित्येकांचा तोही हिशेब बुडाला. अशा ठिकाणीं पोटाच्या भुकेवरून उडी मारून एकदम आत्म्याच्या भुकेवर जाणें मला शोभणार नाहीं. आपल्या प्रभूनेंही तसें केलें नाहीं.

संत योहानाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय आठवा. गवतावर बसलेला तो मोठा लोकसमुदाय, एका मुलाजवळच्या जवाच्या पांच भाकरी आणि दोन मासे. जव हें त्या देशीं गरिबाचें धान्य. आपल्याकडची भगरच समजा ना. प्रभूनें प्रथम जेवूं घातलें, आणि उपदेश दुसऱ्या दिवसाकरितां ठेविला. दुसऱ्या दिवशीं लोक त्याला शोधीत कफर्णहूमास आले. तेथें त्यानें त्यांना दुसऱ्या एका भाकरीविषयीं सांगितलें, आणि तें ऐकून पुष्कळ जण उठून गेले. या ठिकाणीं मला एक गोष्ट फार विचार करण्याजोगी वाटते. उठून गेलेले लोक उपाशी नव्हते. कालच पोटभर जेवले होते, टोपल्या उरल्या होत्या. तरीही ते शोधीत आले, आणि जें मिळालें तें न घेतां परतले. म्हणजे पोट भरल्यावर उरणारी एक भूक आहे, आणि ती भूक लागलेला माणूस बहुधा चिडका असतो, वाद घालतो, उठून जातो. त्याला स्वतःलाच आपल्याला काय हवें तें सांगतां येत नाहीं. अशा माणसाला आपण अवघड माणूस म्हणतों.

आतां दुसरीकडे पाहूं, आणि तेंही दूर न जातां आपल्या या खानदेशांतच. १८१८ सालीं पेशवाई बुडाली व हा मुलूख इंग्रजांच्या हातीं गेला. तेव्हांपासूनच्या सरकारी कागदांत सातपुड्याच्या भिल्लांस जीं विशेषणें लाविलेलीं आहेत, तीं पाहिलीं म्हणजे असें वाटतें कीं, 'अवघड माणूस' हा प्रकार प्रथम कचेरींत तयार झाला असावा. उपद्रवी, लुटारू, कोणत्याही वळणास न येणारे, असे ते कागद म्हणतात. त्यांच्यावर फौजा पाठविल्या. डोंगरांतल्या तापानें फौजाच हैराण झाल्या. मग १८२५ सालीं जेम्स औट्रम नांवाचा एक बाविशीचा अधिकारी आला. त्यानें धरणगांवीं भिल्लांचीच पलटण उभारिली. तो त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारीस जाई, त्यांच्यांत उठे-बसे, आणि ज्यांना कालपर्यंत 'न वळणारे' म्हटलें गेलें होतें ते त्याच्या शब्दाखातर चालूं लागले. ही गोष्ट मला आवडते, आणि तरीही ती पुरती आवडत नाहीं. औट्रमचा स्नेह खोटा होता असें मी म्हणत नाहीं. परंतु तो स्नेह एका हेतूच्या चाकरींत होता. मुलूख शांत व्हावा, महसूल नीट यावा, हा तो हेतु. माणसाला वळविण्याकरितां जवळ करणें, आणि माणूस म्हणून जवळ करणें, यांत बाहेरून कांहींच फरक दिसत नाहीं. दोन्हींत गोड बोलणें असतें, दोन्हींत एकत्र बसणें असतें. फरक कळतो तो त्या माणसाला, आणि त्याला तो फार लवकर कळतो. आपल्या शाळा, आपलीं वसतिगृहें, आपले दवाखाने यांनाही हा प्रश्न अधूनमधून विचारून पाहण्यास हरकत नाहीं, असें मला आदरपूर्वक सुचवावेसें वाटतें.

औट्रमनंतर शंभरांहून अधिक वर्षांनीं, म्हणजे १९३७ च्या सुमारास, आपल्या शेजारच्या तळोदें तालुक्यांत मोरवड-रंजनपूर येथें एक भिल्ल साधुपुरुष बोलूं लागला. लोक त्याला गुलाम महाराज म्हणत. त्याचें सांगणें अगदीं थोडें होतें. दारू सोडा, रोज स्नान करा, सोमवारीं आरतीस जमा, आणि एकमेकांस 'आप' म्हणा. शेवटची गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. ज्या माणसाला सावकार 'अरे' म्हणे, शिपाई 'तूं' म्हणे, जंगलाचा रखवालदार त्याहून वाईट कांहीं म्हणे, त्या माणसाला त्याच्याच भावानें, त्याच्याच बायकोनें, लहान मुलानेंसुद्धां 'आप' म्हणावयाचें. या एका शब्दासाठीं हजारों माणसें डोंगर उतरून आलीं. १९३८ सालीं गुलाम महाराज वारले. त्यांचे बंधु रामदास महाराज यांनीं तें काम पुढें चालविलें, आणि 'आपधर्म' हें नांव या भागांत आजही ऐकूं येतें. त्या लोकांना कोणी धान्य वाटलें नव्हतें, जमीन दिली नव्हती. तरी ते कोणत्या तरी भुकेनें आले आणि कांहीं तरी खाऊन परत गेले. ती भूक कोणती? मला वाटतें, आपलें नांव कोणी तरी आदरानें घ्यावें, ही. आपल्याकडे बाप्तिस्मा देतांना धर्मगुरु पहिला प्रश्न विचारतात तो बाळाच्या नांवाचा असतो. पाणी नंतर येतें, तेल नंतर येतें, आधीं नांव.

हें सर्व ख्रिस्तसभेच्या बाहेर घडलें, म्हणून कोणी कदाचित् भुंवया उंचावील. उंचावो बापडा. ज्या डोंगरांत आपला धर्मग्राम उभा राहिला, त्या डोंगरांतल्या लोकांना आपल्या आधींही भूक होती, आणि त्यांनीं आपल्या परीनें तिच्यावर अन्न शोधिलें होतें. त्यांच्या बोलींत 'याहा' म्हणजे आई. धान्य देणाऱ्या देवतेला ते याहा मोगी म्हणतात, आणि महाशिवरात्रीस देवमोगऱ्याची वाट माणसांनीं भरून जाते. काठीच्या होळीला नवस फेडणारे कित्येक दिवस जमिनीवर निजतात, व्रत पाळतात. हें पाहून ज्याला या लोकांना आध्यात्मिक भूकच नाहीं असें म्हणवतें, त्यानें एकदां आपल्याच भुकेची तपासणी करावी.

तर मग माझें म्हणणें असें कीं, आपण ज्याला अवघड म्हणतों, तो पुष्कळदां असा माणूस असतो कीं, ज्याला आपण आपल्या आवडीची भाकर पुढें करीत आहों आणि तो ती घेत नाहीं. त्याची भूक खरी आहे. आपली भाकरही खरी असेल. परंतु त्याला काय हवें आहे हें आपण विचारलेलें नाहीं. मी 'पुष्कळदां' म्हणतों, 'नेहमीं' म्हणत नाहीं. जगांत निव्वळ दुष्टपणा नाहींच असें समजणारा मनुष्य एक तर फार भोळा असतो किंवा त्याला दुष्टाशीं कधीं व्यवहार पडलेला नसतो.

प्रभूनें सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दृष्टांतांत धाकट्यावर इतकीं प्रवचनें झालीं आहेत कीं, थोरला बिचारा अंगणांतच उभा राहिला आहे. मला आज थोरल्याविषयीं बोलावयाचें आहे. धाकटा उपाशी होता हें सर्वांना दिसतें; तो डुकरांच्या शेंगांकडे पाहत होता. परंतु त्या दिवशीं त्या घरीं खरोखर न जेवलेला असा एकच माणूस होता, आणि तो थोरला. आंत वाद्यें वाजत आहेत, पुष्ट वासरूं कापलें आहे, आणि हा कष्टाळू, नीतिमान्, वेळेवर शेतावर जाणारा मुलगा दारांत उभा राहून आंत यावयास तयार नाहीं. त्याची तक्रार ऐका. मित्रांबरोबर आनंद करण्यास कधीं एक करडूंही मिळालें नाहीं, असें तो म्हणतो. करडासाठीं रुसणाऱ्या माणसाला करडूं हवें असतें असें समजणारा बाप फार चुकेल. इतकीं वर्षें तो बापाच्या घरांत चाकरासारखा राबला आणि मुलासारखा जेवला नाहीं. हें दुःख त्याला करडाच्या नांवानेंच बोलतां आलें. आणखी एक बारकावा पाहा. धाकट्याचा उल्लेख तो 'माझा भाऊ' असा करीत नाहीं, 'तुझा मुलगा' असा करितो. बाप त्याला दोष देत नाहीं. फक्त उत्तरांत तो शब्द हळूच बदलतो, आणि 'तुझा भाऊ' म्हणतो. धाकट्याला पाहून बाप धांवत बाहेर गेला होता, थोरल्यासाठींही तो जेवण सोडून बाहेर आला. पुढें थोरला आंत गेला कीं नाहीं, हें प्रभु सांगत नाहीं. बाप आणि मुलगा अजून अंगणांत उभे आहेत.

आपल्या धर्मग्रामांतल्या अवघड माणसांची यादी कोणी केली, तर तींत दारुडे व भांडखोर प्रथम येतील. माझी समजूत अशी कीं, त्या यादींत थोरल्या भावांचीं नांवें अधिक निघतील. देवळाचा हिशेब चोख ठेवणारे, प्रत्येक सभेला वेळेवर येणारे, आणि नव्यानें आलेल्या कुटुंबास पुढच्या बांकावर जागा दिली म्हणून सहा महिने न बोलणारे. त्यांच्यावर प्रीति करणें दारुड्यावर प्रीति करण्यापेक्षां कठीण आहे. कारण दारुड्याला निदान आपल्याला मदत हवी आहे हें शुद्धीवर आल्यावर तरी कळतें.

आतां एका ख्रिस्ती पुरुषाची गोष्ट सांगतों. ती या डोंगरांतली नाहीं, परंतु आपल्या भाषेची आहे. थॉमस स्टीफन्स हा येशूसंघीय इंग्रज १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास उतरला आणि साष्टी प्रांतांत काम करूं लागला. तो प्रांत तेव्हां पेटलेला होता. १५६७ सालीं पोर्तुगीज सत्तेनें तेथलीं देवळें पाडलीं होतीं. लोकांचीं पुराणें, सण, कथाकीर्तनें यांवर बंदी आली होती. जुलै १५८३ मध्यें कुंकळ्ळीच्या गांवकऱ्यांनीं रुडॉल्फ अक्वाविवा व त्यांचे चार संघबंधु यांना ठार मारिलें. हे अक्वाविवा त्याच वर्षीं अकबर बादशहाच्या दरबारांतून परत आले होते. स्टीफन्स त्यांना ओळखत होता. त्यांचे देह परत मिळवून आणण्याच्या कामीं तो स्वतः होता. पुढें सत्तेनें कुंकळ्ळीच्या प्रमुखांना बोलणें करण्याच्या मिषानें असोळण्याच्या किल्ल्यांत बोलाविलें आणि तेथें त्यांना मारून टाकिलें. मारल्या गेलेल्या पांच धर्मपुरुषांना १८९३ सालीं पोप तेरावे लिओ यांनीं 'धन्य' म्हणून घोषित केलें. कुंकळ्ळीस आज दोन्ही बाजूंच्या मृतांचीं स्मारकें आहेत. त्या दोन स्मारकांमधल्या थोड्याशा जागेंत उभें राहून 'यांतला अवघड माणूस कोणता?' असें विचारलें, तर उत्तर आपण कोणत्या स्मारकाकडे तोंड केलें आहे यावर अवलंबून राहील.

अशा प्रांतांत स्टीफन्सनें काय केलें? तो तेथून गेला नाहीं. त्यानें त्या लोकांची बोली धरिली, तिचें व्याकरण लिहिलें, आणि मराठी भाषा इतकी आत्मसात् केली कीं, तींत ओवी रचतां यावी. नव्यानें ख्रिस्ती झालेल्या एका गृहस्थानें विचारलेला प्रश्न 'ख्रिस्तपुराणा'च्या आरंभीं नोंदलेला आहे. त्याचा आशय असा: आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्हीं बंद केलींत, मग त्यांच्या जागीं आम्हीं वाचावयाचें तरी काय? बंधुभगिनींनो, आध्यात्मिक भुकेचा याहून सरळ उद्गार मला मराठींत ठाऊक नाहीं. ज्याची भाकर हिसकावून घेतली गेली आहे, असा माणूस ज्यांनीं ती घेतली त्यांच्याच दारीं येऊन विचारतो कीं, आतां आम्हीं खावें काय. या प्रश्नाला दोन उत्तरें सहज देतां आलीं असतीं. एक, प्रश्नोत्तरी पाठ करा. दुसरें, गप्प बसा. स्टीफन्सनें तिसरें उत्तर दिलें आणि त्याला अनेक वर्षें लागलीं. १६१६ सालीं राशोल येथें 'ख्रिस्तपुराण' छापून निघालें. सुमारें अकरा हजार ओव्या, आणि स्वर्गाला वैकुंठ म्हणणारी भाषा. तीन वर्षांनीं, १६१९ मध्यें, स्टीफन्स वारला. कोंकणपट्टीच्या देवळांत रविवारीं मिस्सा झाल्यावर तें पुराण मोठ्यानें वाचण्याची चाल पुढें कित्येक पिढ्या राहिली. देवळें पाडणाऱ्या सत्तेचा अन्याय एका पुराणानें पुसला जात नाहीं, आणि स्टीफन्स त्याच सत्तेच्या छत्राखालीं राहिला हेंही लपवूं नये. माझें म्हणणें एवढेंच कीं, ज्या लोकांनीं आपले बंधु मारिले त्या लोकांच्या भाषेंत तो अनेक वर्षें बसून राहिला, आणि त्यांना काय हवें आहे हें त्यांच्या तोंडून ऐकून मग त्यानें लिहिलें.

आपल्याकडे हें काम अजून पुरें झालेलें नाहीं. अक्कलकुव्यांत मराठी हीदेखील पुष्कळांची दुसरी भाषा आहे. घरीं वसावी आहे, पावरी आहे, देहवाली आहे. मिस्सेंतल्या प्रार्थना स्पष्ट मराठींत म्हणणारी म्हातारी नातवाच्या दुःखानें रडूं लागली म्हणजे वसावींतच रडते. येथें बसलेल्या तरुण धर्मगुरूंपैकीं जे बोली शिकत आहेत, त्यांना म्हणावेंसें वाटतें कीं, व्याकरण चुकलें तरी चालेल, लोक हंसतील आणि दुरुस्त करतील. आणि लोकांनीं आपल्याला दुरुस्त करावें, हीच त्यांना मान देण्याची एक सोपी रीत आहे.

इथवर मोठमोठ्या गोष्टी झाल्या: पलटणी, पुराणें, पोप. परंतु अवघड माणूस बहुधा आपल्याच घरांत असतो आणि त्याच्यासाठीं कोणी पुराण लिहीत नाहीं. म्हणून आतां लक्ष्मीबाई टिळकांचें नांव घेतों. त्या व त्यांचे पति रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्या कॅथलिक मंडळींतले नव्हते. परंतु मराठी ख्रिस्ती माणसाला त्यांना बाजूस ठेवून चालतां येत नाहीं. टिळक मोठे कवि, मोठे ईश्वरशोधक. आणि घरीं त्यांच्याबरोबर राहणें म्हणजे वाऱ्याबरोबर राहणें. न सांगतां निघून जावें, हातांतलें दुसऱ्याला देऊन टाकावें, क्षणांत रागवावें, क्षणांत विरघळावें. १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन माहेरच्या माणसांत होत्या, आणि ती बातमी त्यांच्यावर वीज पडावी तशी पडली. टिळकांची आध्यात्मिक भूक खरी होती. परंतु त्यांच्या त्या भुकेसाठीं त्यांच्या बायकोच्या ताटांतला घांस गेला, हेंही तितकेंच खरें. भुकेलेल्या संतांच्या चरित्रांत ही बाजू क्वचितच लिहिली जाते.

कांहीं वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या अहमदनगरास पतीकडे आल्या. आल्या त्या आपलें सोंवळें घेऊन आल्या; पतीच्या घरचें पाणीही त्यांना चालेना. टिळकांनीं आग्रह केला नाहीं. मला वाटतें, त्या चंचल माणसानें केलेलें हें सर्वांत धीराचें काम असावें. एक माणूस आपल्या देवाच्या शोधांत घर सोडून गेलेला, दुसरें माणूस आपल्या देवाच्या भीतीनें त्याच्या हातचें पाणी न पिणारें. दोघेंही एकमेकांना पुरतीं अवघड. १९०० सालीं लक्ष्मीबाईंनीं बाप्तिस्मा घेतला, आणि पुढें ज्यांची सावली त्यांच्या माहेरीं चालली नसती अशीं अनाथ मुलें त्यांच्या मांडीवर वाढलीं. टिळक १९१९ सालीं वारले. त्यांचें 'ख्रिस्तायन' अपुरें राहिलें होतें, तें या कसेंबसें लिहावयास शिकलेल्या बाईनें पुरें केलें. १९३४ पासून त्यांचीं 'स्मृतिचित्रें' प्रसिद्ध होऊं लागलीं. त्यांत टिळकांचा एकही दोष झांकलेला नाहीं, आणि तरीही वाचणाऱ्याला टिळक आवडल्याशिवाय राहत नाहींत. प्रीति म्हणजे दुसऱ्याविषयीं खोटें बोलणें, असें ज्यांना वाटतें त्यांनीं तें पुस्तक वाचावें. त्या बाईनें पतीकडे पाहून पुष्कळ वेळां कपाळाला हात लाविला असेल. पण त्याच हातानें त्याचें चित्र काढिलें तें खरें काढिलें, आणि काढतांना त्या हंसत होत्या.

येथें एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीं तर माझ्या बोलण्याचा कोणी भलताच उपयोग करील. मोहाची दारू पिऊन रोज मारणाऱ्या नवऱ्याच्या बायकोला 'त्याच्यावर प्रीति कर, त्याची भूक ओळख' असा उपदेश करण्याचा अधिकार मला नाहीं आणि कोणालाही नाहीं. तिला आधीं सुरक्षित घर मिळालें पाहिजे. प्रभु शत्रूवर प्रीति करावयास सांगतो. तो दुसऱ्याच्या पाठीवरचे वळ आपण सोसावयास सांगत नाहीं, आणि तिच्या वतीनें आपण क्षमा करून मोकळें व्हावें असेंही सांगत नाहीं.

तसेंच एखाद्या पाड्यांत मूल दगावतें किंवा गुरें मरतात, आणि एका एकट्या बाईकडे बोट दाखवून तिला डाकीण म्हटलें जातें. या डोंगरांत ही गोष्ट नवी नाहीं. २०१३ पासून महाराष्ट्रांत तिच्याविरुद्ध कायदा आहे आणि त्या कायद्याचा आधार घेण्यास कोणी कचरूं नये. त्या वेळीं गांवाच्या मतें ती बाई हाच अवघड माणूस असतो. तिच्या दारांत जाऊन पाणी मागून पिणें, एवढेंच करावयाचें असतें. प्रभूनें शोमरोनी बाईजवळ तेंच केलें: देण्याची गोष्ट मागाहून काढिली, आधीं तिच्याकडे पाणी मागितलें. जिच्या हातचें पाणी कोणी पीत नाहीं तिला त्या क्षणीं दुसरें कोणतेंही दान इतकें मोठें नाहीं. गांवची बोलणीं मात्र नंतर खावीं लागतात, हें आधींच जाणून जावें.

आणि शेवटचें उदाहरण, जें बोलावें कीं नाहीं याचा मी विचार करीत होतों. आपल्यापैकीं कित्येक घरांत एक भाऊ ख्रिस्ती झाला आणि दुसरा देवमोगऱ्याच्या वाटेनेंच राहिला. बापाचें शेत एक, विहीर एक, पण एकमेकांकडील जेवण बंद. कोणीं बंद केलें, कोणत्या लग्नांत, कोणाच्या शब्दानें, हें विचारलें तर दोन्हीकडून दोन उत्तरें येतात. अलीकडे बाहेरचीं माणसें येऊन या तंट्यांत तेल ओततात, तो भाग वेगळा. जो भाऊ आपल्याकडे येत नाहीं त्याला धर्माचा वैरी म्हणणें सोपें आहे. मला वाटतें, त्याच्याही मनांत एक करडूं असतें. आईच्या तेराव्याला तूं वेगळा उभा राहिलास, हें कदाचित् असेल. नव्या लोकांत तुला मान मिळाला आणि मी होतों तेथेंच राहिलों, हें असेल. धर्म सोडूं नका, आपली श्रद्धा लपवूं नका. पण तें करडूं कोणतें हें त्याला एकदां विचारा, आणि तो सांगूं लागला म्हणजे मध्यें बोलूं नका. तो 'तूं' म्हणाला तरी तुम्ही 'आप' म्हणा.

पवित्र मिस्सेंत आपण सर्व जण एकाच भाकरीस हात पुढें करितों. रांगेंत पुढें कोण आहे हें आपण निवडीत नाहीं, मागें कोण आहे हेंही निवडीत नाहीं. शेवटच्या भोजनाच्या वेळीं प्रभूनें ताटांतला घांस बुडवून ज्याच्या हातीं दिला, तो यहूदा होता. आणि तो कोण आहे हें देणाऱ्याला ठाऊक होतें.

आजच्या भोजनाची व्यवस्था मंडपाच्या मागें केली आहे असें मला कळविण्यांत आलें आहे, आणि पंगत बसावयास अजून थोडा अवधि आहे. स्वयंपाक मोजून केलेला नाहीं, हें मी सकाळींच आचाऱ्यांस विचारून ठेविलें आहे. ज्यांचीं भाऊबंदांचीं घरें याच गांवांत किंवा पलीकडच्या पाड्यांत आहेत, त्यांना जाऊन परत येतां येईल. कोणी यावयास तयार झाला नाहीं, तर त्याच्या घरीं पान पोंचवावें. कार्यकर्त्यांनीं त्यासाठीं डबे बाजूस ठेविले आहेत.